पुसून गेलेला काळोख

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. तुमच्या फोनवर बोट टेकवलं की धावू लागते ती नव्हे. मला अंग आहे. बोटभर रुंदीची, इमारतीच्या गच्चीवरून सोडली तर जमिनीला टेकून वर उरेल एवढी लांब पट्टी, चाकावर गुंडाळलेली आणि पत्र्याच्या चपट्या डब्यात बंद केलेली. झाकण उघडलंत तर आधी नाकाला झोंबणारा आंबट वास येईल. त्याला हसू नका. म्हातारपणी कोणाचे गुडघे धरतात, कोणाला ऐकू येईनासं होतं; आम्ही फिल्मा आंबतो.

माझा जन्म युरोपातला आणि सगळं आयुष्य गेलं नेदरलँड्समध्ये. मराठी मी शिकले ती हूफडॉर्पच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, लोणच्याच्या बरणीशेजारी बसून. माझं जे व्हायचं ते त्याच घरात झालं. त्या घरातल्या माणसांवर माझा राग असायला हवा, पण तो नीट धरताही येत नाही, हीच तर पंचाईत आहे. असो. आत्मवृत्त सांगायला बसलं की जन्मापासून सुरुवात करावी लागते, तशी करते.

सुरुवातीला मी कोरी होते. कोरी फिल्म फार भित्री असते. तिला उजेडाचं भय; डब्याला जरा फट राहिली की सगळं संपलं. मला विकत घेतलं योस्ट नावाच्या तरुणाने. दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. योस्ट चीजच्या आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या जाहिराती काढून पोट भरायचा आणि उरलेला वेळ, घरचे लोक ज्याला खूळ म्हणत, त्या उद्योगात घालवायचा. त्याची मैत्रीण विलेमाइन. सगळे तिला विल म्हणत. ती एका बॅले मंडळीत मागच्या रांगेत नाचायची. पुढे नायिका गिरक्या घ्यायची आणि मागे विलसारख्या पंधरा-वीस मुली हात धनुष्यासारखे धरून उभ्या राहायच्या. विलचे पाय शिवशिवायचे, पण तिला पुढे कोणी बोलवत नव्हतं.

त्या काळी बॅलेची फिल्म काढायची म्हणजे प्रेक्षकांतल्या खुर्चीवर कॅमेरा ठेवायचा आणि समोर जे चाललंय ते टिपायचं. योस्टला त्याची चीड यायची. तो विलला म्हणायचा की स्टेजवर जे कधीच होऊ शकणार नाही, तेवढंच आपण फिल्मवर करू. मग स्टेजवर काय होऊ शकत नाही यावर दोघांनी सायकली हातात धरून, कालव्याकाठाने चालत चालत, पुष्कळ दिवस काथ्याकूट केला. शेवटी विललाच सुचलं. ती म्हणाली, स्टेजवर मला माझ्याबरोबर नाचता येत नाही.

त्यासाठी काळोख हवा होता. उइटहॉर्नजवळ सैन्याने सोडून दिलेला एक किल्ला होता. किल्ला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे डोंगर आणि बुरूज उभे राहिले असतील. इथे डोंगर कुठला आणायचा? हा गवताखाली दडलेला, बुटका, विटांचा किल्ला होता. आत लांबच लांब ओल्या खोल्या. योस्टने मावशीच्या चादरी काळ्या रंगात बुडवून भिंतीवर टांगल्या. एक दिवा लावला. विलने पांढरा झगा घातला. थंडी अशी की तिच्या तोंडातून वाफ निघत होती आणि प्रत्येक वेळी योस्ट तिला श्वास धरून ठेवायला सांगत होता.

ती पहिल्यांदा नाचली ती कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूला. डावी बाजू तिने मोकळी सोडली होती. योस्ट लोखंडी बादलीवर काठीने ठेका धरत होता आणि विल त्या ठेक्यावर, शेजारी कोणी आहे असं मानून, हात पुढे करत होती, मान वळवत होती, कोणाकडे तरी बघून हसत होती. शेवटी ती कमरेतून मागे झुकली. इतकी मागे, की आता पडणारच. मान हवेत, हात पसरलेले. तशीच ती थांबली.

मग योस्टने दिवा विझवला, ओव्हरकोट डोक्यावरून घेतला आणि त्या उबदार अंधारात मला चाचपडत पुन्हा उलटी गुंडाळली. त्याची बोटं थंडगार होती, हे मला आजही जाणवतं. मी कॅमेऱ्यात पुन्हा गेले. ज्या वाटेने एकदा जाऊन आले होते तीच वाट पुन्हा. आता विल डाव्या बाजूला नाचली, आणि पहिली विल तिला दिसत नसताना तिच्याशी नाचली. ओठांनी ठेका मोजत, मघाशी माझा हात कुठे होता, मी केव्हा वळले, हे आठवत. शेवटच्या ठेक्याला ती एक पाऊल पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि रिकाम्या हवेत तळहात उताणा धरला. काळोखात पांढऱ्या झग्याचाच तेवढा ठसा माझ्यावर उमटत होता, म्हणून पहिला ठसा तसाच राहिला आणि शेजारी दुसरा बसला.

रसायनातून निघून मी पहिल्यांदा पडद्यावर पडले तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. काळ्या मखमली अंधारात दोन विल. एकीने हात पुढे केला की दुसरी तो धरायला जाते आणि बोटभर अंतराने हुकते. पुन्हा हात, पुन्हा हुकते. सबंध नाच असा चुकामुकीचा. आणि अगदी शेवटी पहिली मागे कोसळायला येते तेव्हा दुसरीचा तळहात तिच्या मानेखाली नेमका येऊन थांबतो. हे कोणी जुळवून आणलं नव्हतं. विलने फक्त मोजलं होतं. तळहात दिसला तसा योस्ट खुर्चीवरून उठून खोलीभर नाचला.

माझं कौतुक एकदाच झालं. युट्रेख्टमधल्या एका कॅफेच्या वरच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींसमोर. सुरुवातीला थोडे हसले. शेवटी कोणी हसलं नाही. दिवे लागल्यावर एका बाईने विलला जवळ बोलावून विचारलं की ती दुसरी मुलगी कोण, तुझी बहीण का? विल घरी जाईपर्यंत हसत होती. पण बॅलेच्या मास्तरांनी नाक मुरडलं. हा नाच नव्हे, कॅमेऱ्याची जादू आहे म्हणाले. फिल्मवाल्यांनी ही कसली फिल्म, हा तर नाच आहे म्हणून कानाडोळा केला. माझी दुसरी प्रत काढायची योस्टच्या मनात होती. मी अशा जातीची फिल्म, की कॅमेऱ्यात जी असते तीच पडद्यावर पडते. मागे जपून ठेवलेलं मूळ असं काही नसतं. पुढच्याच हिवाळ्यात योस्ट न्यूमोनियाने गेला आणि प्रत राहिली ती राहिलीच.

त्यानंतर विलने मला पुन्हा कधी पाहिलं नाही. तिच्याकडे प्रोजेक्टर नव्हता, आणि असता तरी तिने लावला नसता. कपाटात चादरींच्या खाली तिने मला ठेवलं. ती उइटहॉर्नमध्ये लहान मुलांना नाच शिकवू लागली. तिचे गुडघे गेले, पाठ वाकली. वृद्धनिवासातल्या एका खोलीत राहायला जायची वेळ आली तेव्हा सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न आला आणि भाच्याने मला आपल्या गॅरेजमध्ये नेलं. रंगाचे डबे, गवत कापायचं यंत्र आणि मी. भिंतीला ओल होती. हळूहळू ती ओल माझ्या डब्यात शिरली, माझ्या अंगावर पांढरी बुरशी धरली आणि मी आंबू लागले. एकदाही कोणी झाकण उघडून पाहिलं नाही. तरीही, मित्रांनो, आत त्या दोघी शाबूत होत्या. हे विसरू नका.

मग इरावती आली. पुण्याची मुलगी, लहानपणापासून कथक शिकलेली, आता युट्रेख्टच्या विद्यापीठात जुन्या नृत्यफिल्मांवर संशोधन करणारी. कुठल्याशा मासिकाच्या जुन्या अंकात विलचा लहानसा फोटो तिला दिसला आणि शोधत शोधत ती वृद्धनिवासात पोचली. विल तेव्हा नव्वदीच्या पुढे गेली होती. नवरा नाही, मूल नाही. भिंतीवर एक चित्र, खिडकीत एक कुंडी. विलने भाच्याकरवी मला गॅरेजमधून आणवलं. डब्यातून काढून इरावतीने मला खिडकीपाशी उजेडात धरलं तेव्हा आधी तिने श्वास रोखला. पांढऱ्या बुरशीच्या आड तिला दोन इवल्या आकृत्या दिसल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी कोणी मला उजेडासमोर धरलं होतं.

दर गुरुवारी ती जायची. विल खुर्चीत बसूनच तिला नाच शिकवायची. मान, खांदे, बोटं यांनी. इरावती समोर उभी राहून तेच पायांनी करायची. पहिल्या विलचा नाच म्हातारीच्या अंगात जसाच्या तसा होता. मागे झुकायची जागा आली की मात्र तिचे हात मांडीवर पडायचे.

"इथे ती येते," ती म्हणायची.

"कशी येते? कोणत्या पायाने?"

"आठवत नाही गं. दुसऱ्यांदा नाचताना मी नुसती मोजत होते. अंगाने ते लक्षातच ठेवलं नाही. ते फिल्मवर आहे." आणि एकदा तिने इरावतीचं मनगट धरून सांगितलं, "लवकर कर. माझ्या डोक्याची आता चाळणी झालीये. एकदा बघितलं की मला येईल, मग मी तुला दुसरीचा नाच देईन. तो कोणाला दिलेलाच नाही मी."

सगळा खेळ एवढ्यावर होता. मला एकदा नीट उतरवून घ्यायचं, विलला दाखवायचं आणि दुसरीचा नाच तिच्याकडून इरावतीने घ्यायचा, तिची आठवण आहे तोवर.

बुरशी आलेली फिल्म विद्यापीठाच्या थंड कोठारात घेत नाहीत. इतर फिल्मांना लागण होते. जुन्या फिल्मा हाताळणाऱ्या लॅबची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर थंड जागा कुठली, तर घरातली सामानाची खोली. इकडे तिला बर्गिंग म्हणतात. तिथे हीटर नसतो. इरावतीने मला तिथे फळीवर ठेवलं. शेजारी कोल्हापूरहून आलेलं कैरीचं लोणचं, खाली तांदळाची पिशवी. त्या रात्री जेवताना तिने सगळ्यांना सांगितलं की तो डबा फार मौल्यवान आहे, जपायला हवा. नवऱ्याला, अंबरीशला, तिने नीट समजावलं होतं: ऊब नको, पाणी नको, उघडायचा नाही. तो हूफडॉर्पमधल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, त्याला असल्या सूचना कळायच्या. सासू-सासऱ्यांना मात्र तिने तेवढंच सांगितलं: मौल्यवान आहे. का, ते सांगते.

हरिहरराव आणि वृंदाताई तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. हरिहरराव चिंचवडच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. आपल्या स्टोअरमध्ये कधी एक खिळा गंजला नाही, हा त्यांचा अभिमान. इथे त्यांना करायला काही नव्हतं. दूध आणायला जावं तर दुकान सगळं आठवड्याचं एकदम घरी पाठवणार. कचरा टाकावा म्हणून एकदा खाली गेले तर चुकीच्या डब्यात टाकून आले, शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि अंबरीश जरा चढ्या आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही इथे प्लीज काही करू नका." त्यानंतर ते दोन दिवस कोणाशी चकार शब्द बोलले नव्हते. म्हणून माझ्याबद्दल "हात लावू नका" हे शब्द इरावतीच्या ओठांवर येऊन परत गेले. वडीलधाऱ्या माणसाला पुन्हा तेच कसं सांगायचं? तिने मान राखला. मी फळीवरून ऐकत होते आणि मनातून म्हणत होते, सांग गं बाई, सांगून टाक.

दोन आठवडे गेले. एका सकाळी लख्ख ऊन पडलं. या देशातलं ऊन म्हणजे न कळवता येणारा पाहुणा. आला की घराघरांतून लोक बाहेर पडतात, गाद्या, चादरी, मुलं सगळं बाहेर काढतात. इरावती युट्रेख्टला गेली होती, अंबरीश ऑफिसला. वृंदाताईंनी बटाटे किसून बाल्कनीत पांढऱ्या चादरीवर कीस वाळत घातला. कुठलीशी बरणी काढायला हरिहरराव बर्गिंगमध्ये आले आणि त्यांना माझा वास आला. त्याच आठवड्यात त्यांनी सुनेला फोनवर बोलताना ऐकलं होतं, की बुरशी वाढतेय, तारखेपर्यंत टिकली म्हणजे मिळवली. म्हणजे पोरीचा जीव टांगणीला लागलेला, आणि आपण नुसते बसून.

त्यांनी मला उघडलं. "अगं, आंबलंय हे सगळं. हे असं बंद ठेवतात होय?" ते वृंदाताईंना म्हणाले. त्यांच्या सगळ्या आयुष्यात आंबलेल्या, बुरशी धरलेल्या वस्तूचा एकच इलाज होता: ओल्या फडक्याने पुसायचं आणि ऊन दाखवायचं. गोधड्यांना, डाळींना, कारखान्यातल्या पट्ट्यांना, पुस्तकांना. वृंदाताईंनी इराला विचारलंत का असं विचारलं. ते म्हणाले, ती आल्यावर बघेल आणि खूश होईल. वृंदाताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी त्यावर काहीतरी करायचा उत्साह होता. त्या गप्प बसल्या.

बादलीत कोमट पाणी आलं, जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा आला. आणि मित्रांनो, काय सांगू? इतक्या हळुवार हातांनी मला जन्मात कोणी धरलं नव्हतं. कडांना धरून, न मुडपता, न ओढता, वीत वीत करत त्यांनी मला पुसलं. बुरशीने माझ्या अंगावरचा चित्राचा थर आतून पोखरून ठेवला होता. कोरडा होता तोवर तो तग धरून होता. पाण्याचा स्पर्श होताच साखरेसारखा विरघळला. आधी काळोख गेला. योस्टच्या मावशीच्या चादरी, ओल्या विटा, ती सगळी थंडी फडक्यावर आली. फडकं काळंमिट्ट झालं.

"केवढी घाण निघाली बघ," हरिहरराव समाधानाने म्हणाले.

त्यांनी फडकं पिळलं आणि पुन्हा पुसू लागले. जितकं काळं निघे तितका त्यांना हुरूप येई. विलचे हात गेले, मान गेली, ते हुकलेले सगळे स्पर्श गेले. मला ओरडता येत नाही. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला वर उचलून खिडकीकडे धरलं असतं तर पुढचा तुकडा तरी वाचला असता. त्यांनी पुष्कळदा वर उचललं, पण नजर होती ती डाग उरलाय का यावर.

चाकाच्या पोटातले शेवटचे वेढे ओलसर, चिकट झाले होते, ते सुटेनात. त्यांनी जबरदस्ती केली नाही. वाळलं की सुटेल म्हणाले. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर त्यांनी मला फुलांच्या माळांसारखी पसरवली, चिमटे लावले, आणि तो न सुटलेला गाभा कठड्यावर भर उन्हात ठेवला. खाली बटाट्याचा कीस, वर मी.

इरावती चारच्या सुमाराला आली. बाल्कनीत काहीतरी पारदर्शक चमकतंय एवढंच तिला दारातून दिसलं. हरिहरराव तिची वाटच बघत होते. ते बादली घेऊन पुढे आले. ते काळं पाणी त्यांनी मुद्दाम ओतलं नव्हतं. सुनेला दाखवायचं होतं, किती मळ होता ते. ती एकदा बाल्कनीकडे बघत राहिली, एकदा बादलीकडे. ती बादलीशेजारी फरशीवर बसली.

"बाबा, हे पाणी ओतू नका," ती म्हणाली.

"का गं? घाण आहे ती."

"नाही. तो नाच आहे."

हरिहररावांना समजायला वेळ लागला आणि समजलं तेव्हा त्यांचे ओले हात तसेच पुढे राहिले. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. संध्याकाळी अंबरीश आला. ऐकून तो वडिलांवर भडकला, काही करू नका म्हणून कितीदा सांगितलं, असं बोलू लागला. इरावतीने त्याला थांबवलं. ती म्हणाली, "त्यांना तू सांगितलं होतंस ते कचऱ्याचं. फिल्मबद्दल मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही." त्या घरात त्या दिवशी कोणी जेवलं नाही. वृंदाताईंनी कीस उचलून आत आणला आणि झाकून ठेवला.

लॅबमधल्या बाईंनी बादलीतलं पाणी पाहून नुसती मान हलवली. माझी लांब पट्टी उजेडासमोर धरली तर पलीकडची भिंत दिसत होती. गाभा मात्र त्यांनी बराच वेळ भिंगाखाली धरला. शेवटचे वेढे तिथे होते, म्हणजे नाचाचा शेवट तिथे होता. त्या हळूच म्हणाल्या, ओला असताना आणला असता तर कदाचित एकेक पदर सोडवता आला असता. उन्हात वाळून तो वडीसारखा घट्ट झालाय. आता सोडवायला गेलं तर चुरा होईल.

विलला सांगायला इरावतीबरोबर हरिहरराव स्वतः गेले. मीच पुसलंय, मीच सांगतो, म्हणाले. बसमध्ये डबा त्यांनी मांडीवर धरला होता आणि उइटहॉर्न येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. वृद्धनिवासाच्या खोलीत ते बसले नाहीत. उभ्यानेच, जमेल तशा इंग्रजीत, त्यांनी सगळं सांगितलं. ऊन, फडकं, पाणी, काही लपवलं नाही. हात जोडले. विलने ऐकून घेतलं. डब्याचं झाकण काढून तिने वास घेतला. मग मान वर करून तिने विचारलं.

"तुम्ही पुसताना बघितलंत का? मी कशी नाचत होते?"

हरिहररावांनी मान खाली घातली. "नाही मॅडम. मी बघितलं नाही."

"इतकी वर्षं कोणी बघितलं नाही, त्याचं मला काही वाटलं नव्हतं," विल म्हणाली. "पण शेवटचे हातात धरणारे तुम्ही होतात. तुम्ही तरी बघायचं होतं."

तिने त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. ती खिडकीकडे वळली आणि ते दोघे जाईपर्यंत वळलेलीच राहिली. घरी परतल्यावर हरिहरराव बाल्कनीत जाईनासे झाले. ऊन पडलं की ते खोलीत येऊन बसायचे.

तरीही इरावती गुरुवार चुकवत नव्हती. विलला दुसरीचा नाच आपणहून आठवेल अशी तिला आशा होती. उलटच झालं. मला पाहायच्या आशेवर म्हातारीने स्वतःला सावरून धरलं होतं की काय कोण जाणे; ती आशा गेली आणि तिची आठवण भराभर गळू लागली. आधी रस्त्यांची नावं गेली, मग भाच्याचं नाव. कधी कधी ती इरावतीला मास्तरीण समजायची.

गेल्या महिन्यात इरावतीने वृद्धनिवासाच्या हॉलमध्ये तो नाच केला. सासू-सासऱ्यांचं परतीचं विमान दोन दिवसांवर आलं होतं, तेही आले. हरिहररावांनी मागच्या खुर्चीवर बसून मला मांडीवर घेतलं होतं. समोर चाकांच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं, सगळ्यांत पुढे विल. अंबरीशने बादली उपडी घालून तिच्यावर काठीने ठेका धरला. इरावती उजव्या बाजूला उभी राहिली. डावी बाजू तिने मोकळी सोडली.

ती सुंदर नाचली. हात पुढे करायची, कोणी नसलेल्या जागेकडे बघून हसायची. विलची बोटं खुर्चीच्या हातावर तिच्याबरोबर हलत होती. मग ती कमरेतून मागे झुकली. मान हवेत, हात पसरलेले. अंबरीशचा ठेका थांबला. ती तशीच थांबून राहिली, तिची मान थरथरू लागली तरीही.

विल त्या रिकाम्या जागेकडे एकटक बघत होती. तिने हात थोडासा उचलला, जणू काही सापडतंय. मग तो खाली आला. शेजारच्या नर्सकडे वळून तिने विचारलं, "तिथे कोणी यायचं होतं का?"

नर्सने हसून तिच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली. हरिहररावांची बोटं माझ्या डब्यावर आवळली गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिला विसरू नका, एवढं तर सगळेच सांगतात. मी जरा वेगळं सांगते. तिच्यावर माया करायला जाल तेव्हा हात लावण्याआधी तिला उजेडासमोर धरून बघा, तिच्यावर काय आहे ते. कळलं नाही तर ज्याची आहे त्याला विचारा. आणि ती तुमची असेल तर घरातल्या माणसांना स्पष्ट सांगा, मोठ्यांनाही सांगा, त्यांना वाईट वाटलं तरी सांगा. मला बुरशीने खाल्लं नव्हतं, गॅरेजने मारलं नव्हतं. मला मारलं ते न सांगण्याने आणि न विचारण्याने, आणि दोन्ही प्रेमापोटीच होतं. म्हणून कोणावर रागवावं हे मला अजून कळत नाही.

कोण यायचं होतं ते मला ठाऊक आहे. माझ्या पोटातल्या त्या घट्ट गाभ्यात, एकमेकांना चिकटलेल्या वेढ्यांत, एक मुलगी अजून गुडघ्यावर बसलेली आहे आणि तिचा तळहात उताणा आहे. आता तो कोणालाच दिसणार नाही. त्या दिवशी हॉलमध्ये इरावती शेवटी सावकाश सरळ झाली, कारण धरायला कोणी आलं नाही.